ब्लॉकचा ऊस आणि सिव्हिलची सीट

सिव्हिल इंजिनिअरिंग केलेला मुलगा पुढे काय करतो? आमच्या वर्गापुरतं याचं उत्तर एकदम सोपं आहे. जावा. काही जण टेस्टिंग, दोघं-तिघं एसएपी, एक जण बँकेत पीओ, पाच-सहा जण एमपीएससीच्या अभ्यासिकेत आणि उरलेले खरोखरच सिमेंट-वाळूत. मी जावावाला. पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका कॉलेजात चार वर्षं बीम, कॉलम, सर्व्हेइंग, सॉइल मेकॅनिक्स असं सगळं रीतसर शिकलो, शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला कॅम्पसला आलेल्या आयटी कंपनीची ॲप्टिट्यूड दिली आणि हिंजवडीत येऊन बसलो. तक्रार अजिबात नाही. काम आवडतं, पगार वेळेवर होतो, शनिवार-रविवार (बहुतेक वेळा) आपले असतात. म्हणून तर हे असं काहीबाही लिहिता येतं.

आता गंमत बघा. दर १५ सप्टेंबरला आमच्या हापिसात अभियंता दिनाचं मेल येतं. त्यात म्हैसुरी फेटा घातलेल्या सर विश्वेश्वरय्यांचा फोटो असतो, खाली शुभेच्छा असतात आणि दुपारी पँट्रीत केक असतो. मजल्यावर अडीचशे-तीनशे माणसं. पण ज्या अर्थाने विश्वेश्वरय्या इंजिनिअर होते त्या अर्थाचा एकही नाही. गेल्या वर्षी केक खाताना कुणीतरी विचारलं, की हे शिकले कुठे? बंगलोर, मद्रास, लंडन अशी उत्तरं आली. बरोबर उत्तर हापिसापासून तासाभराच्या अंतरावर (ट्रॅफिक असेल तर दोन) शिवाजीनगरला आहे, हे पुण्यात राहणाऱ्या एकालाही माहीत नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळत होता. आपल्या इथल्या राज्य विद्यापीठांतून सिव्हिल करून नाव काढलेली माणसं कोण कोण, त्याची एक यादी करायची. आयआयटीवाले बाद, त्यांच्या याद्या करायला बाकीचं जग बसलंय. (त्यामुळे नंदा खरे यादीत बसेनात. पूल-धरणं बांधणारा माणूस मराठीत तशा कादंबऱ्या लिहायचा याचं मला फार अप्रूप, पण ते आयआयटी मुंबईचे. नियम म्हणजे नियम.) अशा दोन-तीन विकांतांत ही यादी झाली. सगळी इथे देत नाही, कारण यादी वाचायला कंटाळा येतो. तीनच माणसांबद्दल सांगतो. कारण या तिघांचं वाचता वाचता मला एक गोष्ट दिसली, आणि मग अचानक ती गोष्ट कामालाही आली. ते पुढे येईलच.

पहिले अर्थातच विश्वेश्वरय्या. गाव मुद्देनहळ्ळी, बीए बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजातून, आणि मग म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन स्वारी पुण्याला. तेव्हाचं कॉलेज ऑफ सायन्स म्हणजेच नंतरचं सीओईपी. हे कॉलेज सुरू झालं १८५४ साली, आणि ते मुळात सरकारच्या बांधकाम खात्याला हाताखालची माणसं तयार करून द्यायला. पदवी मुंबई विद्यापीठाची, आणि ती बीईसुद्धा नव्हे, एलसीई. म्हणजे लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग. १८८३ च्या त्या परीक्षेत पठ्ठ्या पहिला आला आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागला. आजच्या भाषेत कॅम्पस प्लेसमेंट.

फ्रेशरला कसलं प्रोजेक्ट मिळावं? खानदेशात पांझरा नदीवर पाइपाचा सायफन टाकायचा. म्हणजे नदीच्या एका बाजूचं कालव्याचं पाणी नदीच्या खालून पलीकडे न्यायचं. त्यात पावसाळा लागला, नदी फुगली. यांनी काम पावसानंतर करू असं सुचवलं, तर वरच्या साहेबांना ते रुचलं नाही. शेवटी त्याच पावसात काम पुरं करून दाखवलं. डेडलाइन आणि मॅनेजर यांच्यात दीडशे वर्षांत फारसा फरक पडलेला नाही हे वाचून मला अंमळ बरं वाटलं.

आपल्याला विश्वेश्वरय्या म्हटलं की कृष्णराजसागर आठवतं, म्हैसूरची दिवाणगिरी (१९१२ ते १९१८), १९५५ चं भारतरत्न. पण मुंबई इलाख्यातली त्यांची जी नोकरी झाली, १८८४ ते १९०८, ती मला जास्त भावली. कारण त्या काळातलं त्यांचं नावाजलेलं काम म्हणजे नवीन धरण नव्हेच.

खडकवासल्याचं उदाहरण घ्या. धरण त्यांच्या आधीचं, १८७० च्या दशकात बांधलेलं. पुण्याची आणि लष्कराची पाण्याची गरज वाढत चाललेली. दर पावसाळ्यात सांडव्यावरून कितीतरी पाणी वाहून जायचं. ते अडवायला सांडव्यावर दर वर्षी मातीचा तात्पुरता बांध घालायचे आणि पूर आला की तो वाहून जायचा. पुढच्या वर्षी पुन्हा बांध. (आमच्याकडे अशा उपायाला तात्पुरता पॅच म्हणतात आणि तो पाच-पाच वर्षं टिकतो.) सरळ उपाय म्हणजे धरणाची उंची वाढवा. पण धरणाची भिंत जुनी, तिच्यावर किती भार टाकणार? विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठराविक पातळीपर्यंत चढेस्तोवर दरवाजे बंद, त्याच्या वर चढलं की आपोआप उघडणार, उतरलं की आपोआप मिटणार. वीज नाही, मोटार नाही, रात्री-बेरात्री दांडा फिरवायला माणूस नाही. सगळा खेळ पाण्याच्याच वजनाचा आणि प्रतिभाराचा. हे १९०३ च्या सुमाराला झालं. धरण तेच, भिंत तीच, आणि साठा सुमारे आठ फूट वर. पुढे असेच दरवाजे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरावर बसले. दरवाज्यांचं पेटंट त्यांनी घेतलं होतं, पण सरकारकडून रॉयल्टी घ्यायला नकार दिला.

त्याआधी सक्कर. सिंधू नदीच्या काठचं गाव, पाणी गढूळ, आणि नगरपालिकेकडे गाळणी-टाक्या बांधायला पैसे नाहीत. यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. वाळूतून झिरपून विहिरीत येणारं पाणी आपोआप गाळलेलं. नदीची वाळू हाच फिल्टर. बजेट नाही म्हणून हात वर करणाऱ्यांनी हे वाचावं.

आणि मग नीरा कालवा. इथे माझ्या आजोळचा संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझं आजोळ बारामतीच्या बाजूला, नीरा डाव्या कालव्यावर. लहानपणापासून मामांच्या तोंडी एक शब्द ऐकत आलो, ब्लॉक. "ब्लॉकातला ऊस", "आपला ब्लॉक आजाच्या वेळचा हाय" वगैरे. मला वाटायचं ब्लॉक म्हणजे शेताचा तुकडा, प्लॉटसारखा. इंजिनिअरिंगला इरिगेशन विषयात 'ब्लॉक सिस्टिम' असं एक चार मार्कांचं टिपण होतं, ते मी पाठही केलं होतं, पण मामांचा ब्लॉक आणि टिपणातला ब्लॉक एकच, हे डोक्यात आलं नाही ते नाहीच.

झालं असं होतं, की नीरा कालवा १८८५ च्या सुमाराला सुरू झाला तो दुष्काळापासून संरक्षण म्हणून. पण पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याचं पाणी घ्यायचे नाहीत आणि पाऊस चुकला की सगळेच एकदम मागायचे. ज्यांनी बारमाही पाणी घेऊन ऊस लावला, ते कालव्याच्या वरच्या अंगाचे थोडे लोक. तिथे पाणी इतकं मुरायला लागलं की जमिनी खारवू लागल्या, आणि खालच्या गावांना थेंब नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एका सर्व्हरवर सगळा ट्रॅफिक आणि बाकीचे रिकामे.

विश्वेश्वरय्यांनी सुचवलं की गावोगावी ठराविक जमिनीचे ब्लॉक पाडा. ब्लॉकात साधारण तिसरा हिस्सा ऊस, बाकी कमी पाण्याची पिकं, आणि दर वर्षी पिकांची फेरपालट. ब्लॉकाला पाण्याची हमी ठराविक वर्षांसाठी. म्हणजे तेच पाणी थोड्या शेतकऱ्यांच्या गळ्यात घालण्याऐवजी जास्त गावांत फिरवायचं. सुरुवातीला शेतकऱ्यांचा विरोध झाला. वरच्या अंगाला ज्यांचं बरं चाललं होतं त्यांना हे आवडणार कसं? पण पद्धत रुजली, आणि शंभराहून जास्त वर्षांनी तिच्यातला शब्द माझ्या मामांच्या बोलण्यात आहे. तो शब्द कुणी दिला हे मामांना माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "आसं व्हय? मग मानूस शाना हुता." यापेक्षा मोठं भारतरत्न काय असतं मला माहीत नाही.

तर याच मामांचा जूनच्या शेवटी फोन आला. मामेबहिणीला सीईटीत बरे मार्क पडले होते, कॅपच्या पहिल्या राउंडला चांगल्या सरकारी कॉलेजात सिव्हिल मिळालं होतं. कम्प्युटर हवं असेल तर त्या कॉलेजात मिळायची शक्यता कमी, दुसरीकडे खासगीत मिळालं असतं. सीट फ्रीज करायची की पुढच्या राउंडला थांबायचं, दोन दिवसांत ठरवायचं होतं.

मामा म्हणाले, "तिचं सिव्हिलच घ्यायचं चाललंय. मी म्हनतो कम्प्युटर घे. तू बी सिव्हिल करून शेवटी कम्प्युटरातच गेलास न्हवं? मग ही चार वर्सं वाया घालवायची कशाला?"

यावर पटकन उत्तर सुचेना. मुद्दा बिनतोड होता. सिव्हिल घेऊ नये याचा घरातला जिवंत पुरावा मीच. मामांना म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो. आणि यादी उघडून बसलो.

यादीतलं दुसरं नाव शकुंतला भगत. माहेरच्या जोशी. वडील एस. बी. जोशी हे नावाजलेले पूल बांधणारे इंजिनिअर. व्हीजेटीआयमधून, म्हणजे मुंबई विद्यापीठातून, १९५३ साली सिव्हिलची पदवी. वर्गात आजूबाजूला मुलीच नाहीत अशा काळात. नंतर अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पुढचं शिक्षण, आयआयटी मुंबईत शिकवणं. हे सगळं छानच. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

१९७० साली त्यांनी आणि त्यांचे पती अनिरुद्ध भगत (ते मेकॅनिकलवाले) यांनी क्वाड्रिकॉन नावाची कंपनी काढली. कल्पना अशी, की पूल दर वेळी नव्याने का डिझाइन करायचा? प्रत्येक नदी वेगळी, अंतर वेगळं, भार वेगळा हे खरं. पण सुटे भाग तेच ठेवता आले तर? पोलादाचे ठराविक आकाराचे भाग कारखान्यात बनवायचे, ट्रकने (आणि जिथे ट्रक जात नाही तिथे मिळेल त्या साधनाने) नेता येतील इतपतच मोठे, आणि जागेवर जोडायचे. जोडणीसाठी त्यांनी खास जोड शोधून काढला, युनिशिअर कनेक्टर. रिव्हेट ठोकणं, वेल्डिंग करणं याची गरज कमी. डोंगरात वेल्डर कुठून आणणार?

क्वाड्रिकॉनचा पहिला पूल १९७२ साली हिमाचलच्या स्पितीत उभा राहिला. जिथे वर्षातले कित्येक महिने रस्ताच बंद असतो, जिथे कामाला मोसम मिळतो तो उन्हाळ्यापुरता. १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत असे ६९ पूल झाले. यातला एकही पूल तुम्ही-आम्ही फोटोत पाहिलेला नसतो. वांद्रे-वरळी सी-लिंकसारखा तो पार्श्वभूमीला घेऊन कुणी सेल्फी काढत नाही. पण पलीकडच्या गावातल्या माणसाला दवाखाना गाठायचा असेल तर तोच पूल. भगतबाई २०१२ साली गेल्या.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रियुजेबल कंपोनंट, मॉड्युलर डिझाइन वगैरे शब्द ऐटीत वापरतो. डिझाइन रिव्ह्यूला फळ्यावर चौकोन काढून बाण मारतो. बाईंनी तेच केलं होतं, फक्त चौकोनावरून भरलेला ट्रक जाणार होता.

तिसरं नाव माधवराव चितळे. १९५५ साली सीओईपीतून सिव्हिल, तेव्हा कॉलेज पुणे विद्यापीठाखाली आलेलं. मग सरकारी नोकरी, धरणं, केंद्रीय जल आयोग, केंद्रात जलसंसाधन खात्याचे सचिव. १९९३ साली स्टॉकहोम जल पुरस्कार. पाण्याच्या क्षेत्रात याला नोबेल म्हणतात. तो चितळ्यांना मिळाला त्यात मोठा भाग होता लोकांमध्ये पाण्याविषयी जाण निर्माण करण्याच्या कामाचा. धरणाच्या उंचीला कुणी बक्षीस दिलं नव्हतं. (याच माणसाने वाल्मीकि रामायणावर वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली. सिव्हिलवाले रुक्ष असतात म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

त्यांच्या अध्यक्षतेखालच्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा अहवाल १९९९ साली आला. त्यातला मला कळलेला गाभा असा, की पाण्याचा हिशोब जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या नकाशावर करू नका, नदीच्या खोऱ्यावर करा. राज्याची २५ उपखोऱ्यांत विभागणी केली आणि प्रत्येकात पाणी किती, माणसं किती, पिकं कुठली, याचा ताळा मांडला. पाणी जिल्ह्याच्या सीमेवर थांबत नाही हे शाळेतलं पोरही सांगेल, पण सरकारी कागद तसा हलवायला आयोग लागतो.

मग आली २६ जुलै २००५. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, टीव्हीवर बुडालेल्या बस दिसत होत्या एवढंच आठवतं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. आणि कुलाब्याला? अवघा ७३. एकच शहर, एकच दिवस! मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने, तेही समुद्राला ओहोटी असताना पाणी जाईल अशा बेताने बांधलेली. चौकशीला जी सत्यशोधन समिती नेमली तिचे अध्यक्ष चितळे. २००६ साली अहवाल आला. मिठी नदी, नाले, भरती-ओहोटी, अतिक्रमणं, सगळं त्यात आहे. आणि एक साधी गोष्टही आहे, की शहरात पाऊस मोजायची सोयच पुरेशी नव्हती. कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन ठिकाणच्या आकड्यांत एवढं अंतर, तर मधल्या कुर्ल्यात काय चाललंय हे त्या दुपारी कुणाला कळणार? त्यानंतर मुंबईत जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. मॉनिटरिंग नसलेली सिस्टिम पडते तेव्हा आधी कळतच नाही की कुठे पडली. आमच्या सपोर्ट टीमला विचारा.

तर आता ती दिसलेली गोष्ट. विश्वेश्वरय्या १८८३ चे, भगतबाई १९५३ च्या, चितळे १९५५ चे. काळ वेगळा, काम वेगळं. पण तिघांच्या कामात नवीन आणि भव्य उभारणं हा भाग वाटतो तेवढा मोठा नाही. आहे त्या धरणात आठ फूट जास्त, आहे त्या कालव्यात जास्त गावं, त्याच सुट्या भागांत आणखी एक पूल, आहे त्या पाण्याचा नीट हिशोब. आपल्याकडे जे आहे ते जास्त लोकांपर्यंत पोचवायचं, हा त्यांचा उद्योग. कृष्णराजसागर बांधलं हे मान्यच. पण तिथे पोचण्याआधीची चोवीस वर्षं मुंबई इलाख्यात त्या माणसाने दुसऱ्यांनी बांधलेल्या गोष्टी सुधारण्यात घालवली होती.

शिकवताना आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. सिव्हिल म्हणजे 'बांधणं' असंच डोक्यात बसलं होतं, आणि बांधकामाचा धंदा मंदीत आहे की तेजीत यावर आमच्या ब्रँचचा भाव ठरत होता. पाणी वाटायचं, गटार तपासायचं, जुन्या पुलाला अजून किती वर्षं आहेत हे सांगायचं, ही कामं मंदीत थांबत नाहीत. थांबवली तर काय होतं ते आपण दर पावसाळ्यात पेपरात वाचतो.

पण मामांना नुसतं एवढंच सांगितलं असतं तर ती जाहिरात झाली असती. दुसरी बाजू आहेच.

एक म्हणजे पगार. वर्गातला माझा एक मित्र मेट्रोच्या साइटवर क्वालिटी इंजिनिअर आहे. माझ्यापेक्षा त्याला कामातलं जास्त कळतं, आणि पगार माझ्यापेक्षा कमी आहे. रात्री काँक्रीट ओतायचं असेल तर तो रात्री साइटवर असतो, मग रविवार असो की दिवाळी. मुलींसाठी साइटवर साधं स्वच्छतागृह आहे का, इथपासून प्रश्न सुरू होतात. भगतबाईंचं नाव घेऊन हे प्रश्न सुटत नाहीत.

दुसरं, जबाबदारी. १२ जुलै १९६१ ला बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं आणि त्याच्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फुटलं. तेच खडकवासला. पुण्यात पाणी कुठवर आलं होतं हे जुन्या पेठांतले म्हातारे अजून हात करून दाखवतात. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, वय शंभरीच्या आसपास. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले. आपण जपून साठा वाढवलेलं धरण एका सकाळी गेल्याची बातमी त्यांनी कशी घेतली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी टाकलेला बदल बिघडला तर आम्ही शिव्या देत मागचं व्हर्जन परत टाकतो. फार तर ग्राहकाचं मेल येतं. धरणाचं मागचं व्हर्जन नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन केला. मामांशी बोलण्याआधी म्हटलं, तिला द्या. तिला विचारलं, "तुला सिव्हिल का पाहिजे?"

ती म्हणाली, "दादा, तुला माहितीये ना, आपल्या पाळीला पाणी कधी रात्री दोनला येतं. पप्पा बॅटरी घेऊन जातात. मला बघायचंय ते दोनलाच का येतं."

यादीतली तीन नावं मी तिला सांगणार होतो. ती सांगितलीच नाहीत. पगाराचं सांगितलं, साइटचं सांगितलं, पानशेतचं सांगितलं. आयटीत यायचं झालं तर हे दार चार वर्षांनीही उघडं असू शकतं, पण त्याच्या भरवशावर सिव्हिल घेऊ नकोस, हेही सांगितलं. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बरं. मग फ्रीज करते."

मामा अंमळ नाराज होते. पण त्यांना मी म्हटलं, "मामा, ब्लॉक पाडणारा माणूस तरी कुठून शिकला होता? तिचंच कॉलेज नसेल, पण पदवी हीच." यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग फी किती, होस्टेल मिळेल का, याकडे वळले. म्हणजे पटलं असावं.

ही यादी करताना एक अडचण मात्र शेवटपर्यंत राहिली. नावं सापडतात ती ज्यांना पुरस्कार मिळाला, ज्यांनी आठवणी लिहिल्या, ज्यांच्या नावाने समिती झाली त्यांची. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पाडले खरे, पण नंतरची शंभर वर्षं ते चालवले कुणी? कुठल्याशा उपविभागातला डेप्युटी इंजिनिअर, कालवा निरीक्षक, आणि रात्री दोन वाजता खांद्यावर फावडं घेऊन दार उघडणारा पाटकरी. त्यांच्यातले कितीतरी इंजिनिअर याच विद्यापीठांतून, आमच्याच सारखे फर्स्ट क्लास नाहीतर सेकंड क्लास घेऊन बाहेर पडलेले. त्यांची यादी कुठेच नाही. मामांना मात्र त्यातले दोघं-तिघं नावानिशी आठवतात. फलाण्या साहेबांच्या काळात पाणी वेळेवर यायचं, असं ते म्हणतात.

पुढच्या दिवाळीला आजोळी जाईन तेव्हा वही घेऊन बसणार आहे. मामेबहीणही असेलच. तिला आता या लोकांना 'साहेब' म्हणायची सवय करून घ्यावी लागेल, आणि चार वर्षांनी कदाचित कुणीतरी तिलाच.